आधी किल्ली, मग बालपण

पत्र: ताई, मी २१ वर्षांची आहे. बाबांच्या नोकरीमुळे वयाच्या तिसऱ्यापासून नवव्या वर्षापर्यंत मी जर्मनीत, स्टुटगार्टला वाढले. चार मजली इमारत, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक आजी. त्यांचा माझ्यावर फार जीव होता. २०१४ मध्ये आम्ही परत आलो, त्यानंतर तिकडे कुणीच गेलं नाही. आता ऑक्टोबरपासून मी एका सेमिस्टरसाठी लाइपझिगच्या विद्यापीठात जाते आहे. आठवडाभर आधी पोचायचं, विमानतळावरून थेट स्टुटगार्ट गाठायचं आणि ते घर पाहून मग लाइपझिगला जायचं, असा माझा बेत आहे. आई म्हणते, ‘कशाला? तिथे आता आपलं कोण आहे?’ बाबांच्या मते हा नुसता खर्च. माझी भीती वेगळीच आहे. तिथे जाऊन काहीच वाटलं नाही तर? किंवा इतकं वाटलं, की लाइपझिगमध्ये जीवच रमला नाही तर? जर्मन बोलणं पार विसरले आहे. बेल वाजवावी का? आणि लाइपझिगच्या मुलांना सांगू का, की मी मूळची इथलीच?

उत्तर: जा. जरूर जा. पण बॅगा ओढत थेट त्या दारात जाऊन उभी राहू नकोस. आधी लाइपझिगला जा, खोलीची किल्ली ताब्यात घे, गादीवर चादर घाल, दोन रात्री तिथे नीट झोप आणि मग पाठीवर एक छोटी सॅक टाकून स्टुटगार्टला निघ. तुझ्या बेतात मी बदल सुचवते आहे तो एवढाच, पण तो महत्त्वाचा आहे.

असं बघ. विमानातून उतरलेलं, झोप न झालेलं, त्या देशात अजून स्वतःची खोलीही नसलेलं माणूस जेव्हा जुन्या घरासमोर उभं राहतं, तेव्हा ते पाहुणं म्हणून आलेलं नसतं. ते नकळत काहीतरी मागायला आलेलं असतं. आणि तिथे द्यायला कुणीच नसतं. पडदे वेगळे, सायकली वेगळ्या, दारावर दुसऱ्याचं नाव. तुझी जी भीती आहे ना, की लाइपझिगमध्ये जीव रमणार नाही, तिचं मूळ या क्रमात आहे. आधी स्टुटगार्ट बघितलंस तर लाइपझिग हे ‘त्या घरानंतरचं’ गाव होईल, आणि त्या बिचाऱ्या गावाचा काही दोष नसताना पहिल्या दिवसापासून त्याची तुलना सुरू होईल. खिशात लाइपझिगची किल्ली असली, की फेरी संपल्यावर तू तुझ्या खोलीवर परतणार असतेस. मग स्टुटगार्टमध्ये जे मिळेल ते घ्यायला तू मोकळी.

वेळेचं म्हणशील तर जर्मन कॅलेंडर तुझ्या बाजूने आहे. तिथलं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं, पण लेक्चर्स साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. विद्यार्थी वसतिगृहांचे करार बहुधा महिन्याच्या १ तारखेपासून असतात. म्हणजे खोली मिळाल्यापासून पहिल्या लेक्चरपर्यंत साधारण दोन आठवडे हातात राहतात. त्यात विद्यापीठाचे ओळखीचे कार्यक्रम असतील, ते चुकवू नकोस, मैत्री तिथेच होते. उरलेल्या दिवसांत दोन रात्रींची स्टुटगार्टची फेरी सहज बसते. आयसीई या वेगवान रेल्वेने साधारण पाच तासांचा प्रवास आहे. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. बाबांच्या खर्चाच्या मुद्द्याला तेवढं उत्तर पुरे आहे.

सप्टेंबरअखेर आधीच पोचायचं तुझ्या डोक्यात आहे, त्यातल्या अडचणीही सांगून ठेवते. व्हिसावर ‘पासून’ची तारीख असते, तिच्या आदल्या दिवशीही देशात शिरता येत नाही. तिकीट काढण्याआधी ती तारीख डोळ्यांनी वाच. विद्यार्थ्यांचा तिथला सरकारमान्य आरोग्य विमा सेमिस्टरबरोबर सुरू होतो. त्याआधीच्या दिवसांसाठी प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो. तुझे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्यात) असतील, तर महिन्याला ठरलेली ती रक्कम तिथे पोचून खातं चालू केल्याशिवाय हातात पडत नाही. आणि नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्याची अपॉइंटमेंट मिळायलाच कधी कधी दिवस जातात. ही सगळी कामं मागे लागलेली असताना लहानपणाकडे कुणाचं लक्ष लागेल?

आणखी एक. सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत स्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात फोल्क्सफेस्ट भरतो. १८१८ पासूनची जत्रा आहे ती. तू तिथे सहा वर्षं काढलीस म्हणजे बाबांच्या खांद्यावर बसून त्या आकाशपाळण्याकडे बघितलं असशीलच. त्या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात आणि वीकएंडला खोल्या सहज मिळत नाहीत. मधल्या वारी जा, नाहीतर जवळच्या एखाद्या छोट्या गावात मुक्काम कर आणि एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकल गाडीने, ये-जा कर. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, रविवारसारखीच दुकानं बंद असतात, तेवढं लक्षात ठेव.

आता आईबद्दल. ‘तिथे आता आपलं कोण आहे’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तू ते विरोध म्हणून ऐकलंस. मला त्यात आणखी काहीतरी ऐकू आलं. तुझं स्टुटगार्ट म्हणजे शाळा, मैत्रिणी, तळमजल्यावरच्या आजी. आईचं स्टुटगार्ट काय होतं? परक्या भाषेत डॉक्टरकडे तुझा ताप समजावून सांगणं, साडेचारलाच सूर्य मावळणाऱ्या हिवाळ्यात नवऱ्याची वाट बघणं, माहेरची बातमी फोनवर ऐकणं. कदाचित असं काहीच नसेल आणि ती तिथे मजेत असेल. मला ठाऊक नाही, पण मला वाटतं तुलाही ठाऊक नाही. जाण्याआधी तिला परवानगी मागू नकोस, एक काम सांग: ‘आई, तिथे तुला रोज काय करावं लागायचं ते सांग ना.’ आणि मग मध्ये न बोलता ऐक. त्या सहा वर्षांची दुसरी बाजू तुला या एका माणसाकडूनच कळणार आहे, आणि त्यासाठी विमानही लागत नाही. एखाद्या पायरीचा, एखाद्या झाडाचा फोटो तिने स्वतःहून मागितला, तर समजायचं, की विरोध संपला.

आईशी बोलण्याच्याही आधी आणखी एक गोष्ट कर. कागद घे आणि आठवेल तसा नकाशा काढ. इमारतीचं दार, जिना, अंगण, वाळूचा खड्डा, शाळेची वाट, भीती वाटायची तो कोपरा. चुकलं तर चुकू दे. हे झाल्यावरच अल्बम उघड. क्रम उलटा केलास तर फोटो आठवणीच्या जागी जाऊन बसतात आणि मग आपल्याला काय खरंच आठवत होतं हे कळायचा मार्ग राहत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या माणसांना त्यांचे लहानपणीचे फोटो दाखवले होते, त्यातल्या एकात ते हॉट एअर बलूनमध्ये बसलेले. तो फोटो बनावट होता, तसं कधी घडलंच नव्हतं. दोन आठवड्यांत तीनदा विचारपूस केल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार ‘आठवायला’ लागली होती. तुमच्या घरचे फोटो काही बनावट नाहीत, पण सहा वर्षांचं आयुष्य वाढदिवस, बर्फ आणि पाहुणे एवढ्यात बसवून टाकण्याची ताकद अल्बममध्ये असतेच.

मोबाइलवर रस्ता फिरून बघायचा मोह होईल. तोही आवर. त्याची गंमत मात्र सांगते. गूगलने २०१० मध्ये जर्मनीतल्या वीस मोठ्या शहरांचे रस्ते स्ट्रीट व्ह्यूवर आणले, त्यात स्टुटगार्टही होतं. तेव्हा सुमारे २ लाख ४४ हजार कुटुंबांनी ‘आमचं घर दाखवू नका’ असं कळवलं आणि रस्त्यारस्त्यांवर अख्ख्या इमारती धुरकट करून टाकल्या गेल्या. पुढे कितीतरी वर्षं तीच जुनी चित्रं राहिली, नवीन आली ती थेट २०२३ मध्ये. म्हणजे तू तिथे राहत असतानाची तुझी इमारत त्या नकाशावर कदाचित नुसता एक करडा धब्बा होऊन राहिली असेल. खाजगीपणाबद्दल इतके हळवे असलेले लोक आहेत हे, आणि बेल वाजवायच्या तुझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. तिकडे येतेच.

त्याआधी घराविषयी एक मत, पटलं तर घे. तू ‘घर बघायचं’ म्हणतेस, पण ते घर तुझं कधी फारसं नव्हतंच. भाडं बाबा भरायचे, किल्ली आईकडे असायची, कुठे काय ठेवायचं ते मोठे ठरवायचे. सहा-सात वर्षांच्या मुलीचं खरं राज्य दाराबाहेर असतं. आणि जर्मनीत तर विशेषच, कारण तिथे प्राथमिक शाळेतली मुलं चालत, हळूहळू एकटीच शाळेला जायला लागतात. कुठल्या पदपथाने जायचं आणि कुठे रस्ता ओलांडायचा, हे पालकांना आखून दिलेलं असतं. तो शाळेचा रस्ता हा तुझा पहिला स्वतंत्र प्रवास. त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि त्यावर कुणाचं नाव बदलत नाही. म्हणून माझं सांगणं: घरासमोर पाच मिनिटं थांब, शाळेची वाट मात्र पुरती चाल. जाताना एकदा, येताना एकदा. तुझ्या भागात शहराच्या त्या उंचसखल जिन्यांपैकी एखादा असेल (चारशेच्या वर आहेत स्टुटगार्टमध्ये, तिथले लोक त्यांना श्टेफेले म्हणतात), तर तो चढून बघ. लहानपणी पायऱ्या मोजल्या होत्यास का, ते पायांनाच आठवेल. मारीनप्लाट्झवरून डेगरलोखला चढणारी ती पिवळी दातेरी चाकांची रेल्वे, जिच्या पुढे सायकलींसाठी उघडा डबा असतो, ती १८८४ पासून चालते आहे आणि अजूनही आहे. मुख्य स्टेशन मात्र आठवणीतलं शोधू नकोस. तू होतीस तेव्हाच, २०१० मध्ये, त्याची मोडतोड सुरू झाली होती.

शाळेजवळ मुलं असताना फोटो काढू नकोस. संध्याकाळी किंवा शनिवारी जा. रस्त्यावरून इमारतीचा बाहेरून फोटो घेतला तर चालतं, पण माणसं आणि दारावरची नावं त्यात नकोत.

सगळं लहान वाटणार आहे, हेही आधीच सांगून ठेवते. अंगण, जिना, शाळेचं फाटक. तुझी उंची वाढली एवढंच त्याचं कारण नाही, आपण जगाचं माप मुळात आपल्या शरीराने घेतो. २०११ मध्ये स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी लोकांना असा भास करून दिला होता, की समोरच्या बाहुलीचं शरीर हेच त्यांचं शरीर आहे. बाहुली इवलीशी असली, की त्यांना त्याच वस्तू मोठ्या आणि लांब वाटायच्या. तू त्या अंगणात बाहुलीएवढीच होतीस. तेव्हा ‘अरेच्चा, एवढंच होतं होय?’ असं झालं तर हिरमुसू नकोस. आठवण खोटी नव्हती, मापाची पट्टी बदलली.

आणि डोळ्यांना काही ओळखीचं वाटलं नाही तर नाकावर भरवसा ठेव. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बऱ्याचदा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या निघतात. शब्दांनी आणि चित्रांनी जागणाऱ्या आठवणी त्यामानाने नंतरच्या वयातल्या असतात. जिन्यातला फरशी पुसल्याचा वास, तळघरातला दमट वास, ओल्या पानांचा वास. ऑक्टोबर त्यासाठी उत्तम महिना आहे.

आता बेल. जर्मन इमारतीच्या दाराशी घंटांची पाटी असते ना, तिच्यावर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनावं असतात. सहा वर्षं तिथे तुमचं आडनाव होतं, बहुतेक पोस्टमन अडखळायचा असं. आता त्या जागी दुसरं असेल. ते वाचताना पोटात थोडं हलेल, हलू दे. पण लगेच ते बटण दाबू नकोस. अनोळखी माणसाने न कळवता दार वाजवणं तिथे कुणालाच आवडत नाही, आणि पटकन ‘नाही’ ऐकलंस, तर ते एकच वाक्य पूर्ण फेरीवर पसरेल. पहिल्या दिवशी पत्रपेटीत एक चिठ्ठी टाक. ‘इश हाबे आल्स किंड हीर गेवोंट’, लहानपणी मी इथे राहत होते, असं सुरू कर. कुठली वर्षं, कुठला मजला, उद्या दुपारपर्यंत मी शहरात आहे, दोन मिनिटं जिना आणि अंगण बघता आलं तर आनंद होईल, जमलं नाही तर काहीच हरकत नाही, आणि खाली तुझा नंबर. घरात यायचं मागू नकोस, जिना माग. जिना मागणाऱ्याला लोक कधी कधी घरही दाखवतात. उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी बेल वाजवायची नाही, एवढं पाळ.

त्याच पाटीवर तळमजल्याचं नाव बघशील, हे तू पत्रात लिहिलं नाहीस, पण मला कळलं. या सगळ्या बेतात सर्वांत जास्त ओढ मला त्या आजींचीच दिसली. बारा वर्षं झाली. नाव तिथे असेल, तर त्यांच्या पेटीत वेगळी चिठ्ठी टाक, मोठ्या अक्षरात, आणि तुझा तेव्हाचा फोटो जोड. मोठी झालेली मुलगी त्यांना ओळखू येईलच असं नाही. नाव नसेल, तर त्याचे अर्थ दोन-तीन होतात आणि ते सगळे वाईट नाहीत. मुलीकडे किंवा वृद्धाश्रमात गेल्या असतील. जिन्यात कुणी भेटलं तर विचार. तुमच्या त्या भागात केअरवोखे असते, आलटून पालटून एकेका बिऱ्हाडाने आठवडाभर जिना आणि पदपथ झाडायचा, ज्याची पाळी त्याच्या दारावर छोटी पाटी लटकते. झाडू हातात असलेल्या शेजाऱ्याला इमारतीतल्या सगळ्यांची खबर असते, आणि तो बोलायला मोकळाही असतो. वाईट बातमी मिळाली, तर त्या दिवशीचा उरलेला कार्यक्रम सोड आणि आईला फोन कर. तीही त्यांना ओळखत होती.

जर्मन ‘पार विसरले’ म्हणतेस, त्यावर माझा विश्वास नाही. कोरियात जन्मून अगदी लहानपणी नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेल्या आणि कोरियन भाषा पूर्ण हरवलेल्या मोठ्या माणसांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरियन ध्वनी शिकायला बसल्यावर ही माणसं इतर डच लोकांपेक्षा लवकर पुढे गेली. तू तर नऊ वर्षांची होईपर्यंत बोलत होतीस, शाळेत वाचत-लिहीत होतीस. ती भाषा येईल. फक्त ती येईल नऊ वर्षांच्या मुलीची होऊन. तेव्हा तू दिसेल त्याला ‘डू’ (तू) म्हणत असशील, आणि ते गोडही वाटायचं. आता नोंदणी कार्यालयातल्या बाईंना आणि प्राध्यापकांना ‘झी’ (आपण) म्हणायचंय, हे पाठ करून जा. अहोजाहो विसरलेली मुलगी आपल्याकडे जशी दिसेल, तशीच तिथेही दिसते.

काहीच वाटलं नाही तर? तर दोन दिवस एका छान शहरात फिरून आलीस असं समज आणि लाइपझिगला परत जा. अशा भेटीत त्या क्षणी रडू यायलाच हवं असा नियम नाही. पुष्कळदा काही आठवड्यांनी, कपडे वाळत घालताना किंवा असाइनमेंट लिहिताना काहीतरी वर येतं. आणि खूपच वाटलं, तर पूर्ण हिवाळा तू त्याच देशात आहेस, डिसेंबरात पुन्हा जाता येईल. म्हणून पहिल्या फेरीत सगळं उरकायचा हट्ट नको. मैत्रिणीला सोबत न्यायची असेल तर परतीच्या दिवशी बोलाव. शाळेची वाट एकटीनेच चाल, नाहीतर चालण्यापेक्षा समजावून सांगण्यातच वेळ जाईल.

शेवटचा प्रश्न, लाइपझिगच्या मुलांना काय सांगायचं. ‘मी इथलीच आहे’ म्हणालीस, की लगेच भराभर जर्मनची अपेक्षा होते, आणि बसचं तिकीट कसं काढायचं हेसुद्धा विचारायची तुला लाज वाटायला लागेल. शिवाय स्टुटगार्टची म्हणजे लाइपझिगच्या माणसाच्या लेखी तू श्वाबेनची, म्हणजे नैर्ऋत्य जर्मनीतल्या त्या भागातली, त्यावरून चार विनोद ऐकावे लागतील ते निराळेच. ‘लहानपणी काही वर्षं स्टुटगार्टला होते’ एवढं सांग, तेही कुणी विचारलं तर. पहिले दोन आठवडे बाकीच्या परदेशी मुलांसारखीच नवखी राहा. त्यांच्याबरोबर रांगेत उभी राहा, चुकीच्या ट्राममध्ये चढ.